खाजकुयलीपासून गाजर गवतापर्यंत : रानातल्या झाडांची खाज आणि त्वचेची ॲलर्जी

खाजकुयलीची पिकलेली शेंग दुरून पाहिली तर मखमली वाटते. बोटाएवढी लांब, दोन्ही टोकांना उलटसुलट वाकलेली आणि अंगभर सोनेरी-तपकिरी लव असलेली ही शेंग कुंपणावर, करवंदीच्या जाळीवर चढलेल्या वेलीला घोसाने लटकते. पावसाळा सरताना वेलीला गडद जांभळी फुले येतात आणि हिवाळ्यात शेंगा वाळू लागतात. वाळलेल्या शेंगेवरची लव इतकी सैल झालेली असते की वेलीला हात लावण्याचीही गरज नसते. वारा आला, शेजारची फांदी हलली किंवा वेलीखालून एखादे जनावर गेले तरी केस सुटतात आणि मानेवर, मनगटावर, सदऱ्याच्या आत उतरतात. मग जी खाज सुटते तिच्यापुढे माणसाला दुसरे काही सुचत नाही.

त्याच रानात ओढ्याकाठच्या सावलीत आग्या उभी असते, जिचे पान नुसते घासून गेले तरी अंगाची आग होते. थोडे खाली उतरले की बिब्ब्याचे झाड लागते, आणि गावाच्या वेशीवर, पडीक शेतात, रेल्वेच्या रुळांकडेला गाजर गवत माजलेले असते. या चारही वनस्पतींनी अंग खाजते, चट्टे उठतात, आणि बहुतेक घरांत चारहींवर उपाय एकच होतो : औषधाच्या दुकानातून आणलेली ॲलर्जीची गोळी. ती कधी लागू पडते, कधी तिचा काडीचाही उपयोग होत नाही. याचे कारण असे, की या वनस्पतींमुळे कातडीत जे घडते ते दर वेळी निराळे असते, आणि त्यांतल्या काहींचा ॲलर्जीशी संबंधच नसतो. हा फरक ओळखायला सुरुवातीला प्रयोगशाळा लागत नाही. एका प्रश्नाचे नीट उत्तर लागते. झाडाचा स्पर्श झाल्यापासून किती वेळाने त्रास सुरू झाला?

आग्या हे नाव आपल्याकडे एकाहून अधिक झाडांना लावले जाते, खाजोटी आणि खाजकोलती ही नावेही गावागणिक बदलतात, म्हणून येथे नावापेक्षा रचनेकडे पाहिलेले बरे. सह्याद्रीतली मोठी आग्या, जिला वनस्पतिशास्त्रात गिरार्डिनिया म्हणतात, ती पुरुषभर उंच होणारी, खोल कापलेल्या रुंद पानांची वनस्पती असून हिमालयातल्या बिच्छू घासेच्याच कुळातली आहे. या दोघींच्या पानांवर आणि खोडांवर दिसणारे ताठ केस म्हणजे पोकळ नळ्या असतात. बुडाशी द्रवाने भरलेला फुगीर भाग, वर निमुळती होत जाणारी नळी आणि टोकाशी एक सूक्ष्म गाठ, अशी त्यांची घडण असते. टोकाच्या भिंतीत सिलिका, म्हणजे ज्यापासून काच बनते ते द्रव्य असल्यामुळे ते टोक अतिशय ठिसूळ असते. स्पर्श होताच गाठ तिरकी मोडते आणि इंजेक्शनच्या सुईसारखी तिरप्या धारेची नळी उरते. ती कातडीत शिरते, बुडाच्या फुगीर भागावर दाब पडतो आणि आतला द्रव कातडीखाली जातो.

या द्रवातल्या फॉर्मिक आम्लामुळे, म्हणजे मुंगीच्या दंशात असते त्या आम्लामुळे, आग होते अशी समजूत फार काळ होती आणि अजूनही ती पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. १९४७ मध्ये एमेलिन आणि फेल्डबर्ग या संशोधकांनी युरोपातल्या नेटल या सख्ख्या भावंडाच्या केसांत हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलिन असल्याचे दाखवून दिले, आणि पुढे त्यात सेरोटोनिनही सापडले. ही तिन्ही द्रव्ये आपल्या शरीरातही असतात व संदेशवहनाचे काम करतात. हिस्टामिनमुळे बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून पाणी आजूबाजूच्या भागात झिरपते आणि गांधी उठतात. इतर द्रव्ये मज्जातंतूंना चेतवून वेदना वाढवतात. एरवी ॲलर्जी असलेल्या माणसाच्या शरीरातल्या पेशी हिस्टामिन सोडतात, येथे मात्र झाड ते तयार करून आत घालते. म्हणूनच आग्या लागणे ही ॲलर्जी नव्हे. ती पहिल्याच स्पर्शाला, काही सेकंदांत, लहानथोर सगळ्यांना लागते. गांधी बहुधा काही तासांत बसतात, मुंग्या आल्यासारखी चुणचुण दुसऱ्या दिवसापर्यंत राहू शकते. ॲलर्जीची गोळी हिस्टामिनला अडवते, त्यामुळे तिने येथे थोडा आराम पडतो, पण पूर्ण नाही, कारण द्रवात हिस्टामिन एकटे नसते.

याच कुळातल्या ऑस्ट्रेलियातल्या गिंपी-गिंपी नावाच्या झाडाचा दाह आठवडे, कधी महिने टिकतो. २०२० मध्ये क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचे कारण शोधले तेव्हा त्या केसांत छोटी प्रथिने आढळली, आणि त्यांची घडी शंखातल्या विषारी गोगलगायींच्या विषाशी जुळणारी निघाली. मज्जातंतूवरची सोडियमची द्वारे उघडली की वेदनेचा संदेश सुरू होतो, आणि ही प्रथिने ती द्वारे नीट बंदच होऊ देत नाहीत. आपल्या आग्यांच्या वाट्याला एवढे उग्र विष आलेले नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. उलट गढवालात बिच्छू घासेची कोवळी पाने उकळून भाजी करतात, आणि नेपाळात गिरार्डिनियाच्या सालीचे सूत काढून कापड विणतात. उकळले की केस लुळे पडतात आणि टोचण्याची ताकद जाते.

खाजकुयलीचे केस मात्र या नळ्यांसारखे काम करत नाहीत. ते दोन-तीन मिलिमीटर लांबीचे, अतिशय टोकदार सूक्ष्म काटे असतात आणि कातडीच्या वरच्या थरात रुतून बसतात. या काट्यांत म्युक्युनेन नावाचे द्रव्य असते. ते प्रथिने कापणारे विकर (एन्झाइम) आहे, हे कळायला बराच काळ जावा लागला. १९५० च्या दशकात अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ वॉल्टर शेली यांच्या प्रयोगांतून खाजेचे मूळ या द्रव्यात असल्याचे दिसले, आणि २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याची पुरती ओळख पटवून ते नेमके काय करते ते दाखवले. आपल्या कातडीतल्या पेशींवर आणि मज्जातंतूंवर असे काही ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे बाहेरचा संकेत टिपणारी प्रथिने, असतात की त्यांचे टोक कापले गेले की ते आपोआप जागे होतात. म्युक्युनेन नेमके तेवढेच टोक छाटते. जागा झालेला ग्राहक मज्जातंतूला चेतवतो आणि मेंदूकडे खाजेचा संदेश जातो. या सगळ्या व्यवहारात हिस्टामिनची गरज लागत नाही; खाजेचा हा संदेश वाहून नेणारे तंतूदेखील हिस्टामिनच्या खाजेच्या तंतूंपेक्षा वेगळे आहेत. खाजकुयली लागलेल्या माणसाने गोळी घेतली आणि तासभर वाट पाहूनही खाज तशीच राहिली तर गोळी खोटी नसते. तिचा रोख ज्या द्रव्यावर आहे ते द्रव्य येथे मुख्य नसते.

हे विकर उष्णतेने निकामी होते. प्रयोगशाळेत चांगले तापवलेले केस कातडीत टोचले तर टोचल्याचे जाणवते, खाज सुटत नाही. वैद्यकाला या वेलीने दिलेली देणगी तर मोठीच आहे : खाजेचे हिस्टामिनशिवायचे मार्ग असतात, हे माणसावर प्रयोग करून दाखवताना संशोधकांनी याच केसांचा वापर केला, आणि मूत्रपिंडाच्या किंवा यकृताच्या आजारात सुटणारी जी खाज साध्या गोळ्यांना दाद देत नाही तिचा विचार त्यामुळे नव्या दिशेने होऊ लागला. शेंगेतले बी आयुर्वेदात कपिकच्छू म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात लेव्होडोपा असते, जे कंपवातावरचे प्रमुख औषध आहे; या बियांतून ते वेगळे काढल्याचे काम भारतीय संशोधकांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केले होते. (म्हणून बियांची पूड मनाने खाऊ नये, विशेषतः कंपवाताच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असताना.)

येथवर पाहिलेला त्रास कोणालाही होऊ शकतो. बिब्ब्यापासून गोष्ट बदलते.

बिब्बा आपल्या घरांत पूर्वापार आहे. पायात काटा मोडला की बिब्ब्याचा चटका देतात, सांधा दुखला की सुईला टोचलेला बिब्बा दिव्यावर धरून त्याचे तेल लावतात, आणि त्याच फळातली गोडंबी हिवाळ्यात लाडवांत पडते. गोडंबी निरुपद्रवी असते. त्रास देते ते फळाच्या टरफलातले काळे, चिकट तेल. त्यातली भिलावनॉल नावाची द्रव्ये दोन प्रकारे अपाय करतात. तेल घट्ट असेल तर ते कातडी सरळ भाजते आणि फोड आणते, मग माणूस कोणीही असो. पण पुष्कळदा तेलाचा नुसता पुसट अंश लागलेला असतो, त्या दिवशी काहीच होत नाही, आणि दोन दिवसांनी हात लाल होऊन सुजतो, पाण्याने भरलेले बारीक फोड येतात आणि ते पाझरू लागतात. बिब्बा उतला असे आपण म्हणतो तो हाच प्रकार, आणि ही खरी ॲलर्जी आहे.

तिची रीत समजून घेण्यासारखी आहे. भिलावनॉलचा रेणू इतका लहान असतो की शरीराच्या संरक्षक यंत्रणेला तो एरवी जाणवतही नाही. पण तो कातडीत शिरून तिथल्या प्रथिनांना चिकटतो आणि त्यांचे रूप बदलतो. कातडीतल्या पहारेकरी पेशी हे बदललेले प्रथिन उचलून जवळच्या लसीकाग्रंथींत (लिम्फ नोड) नेतात, तिथे टी-पेशींना, म्हणजे संरक्षण करणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींना, त्याची ओळख करून दिली जाते, आणि साधारण दहा ते चौदा दिवसांत त्या ओळखीने सज्ज झालेल्या टी-पेशींची फौज तयार होते. पहिल्या स्पर्शाला म्हणूनच बहुधा काही दिसत नाही. दुसऱ्यांदा तेच द्रव्य लागले की या पेशी त्या जागी गोळा होतात आणि दाह सुरू करतात. पण त्यांना जमायला वेळ लागतो, त्यामुळे लक्षणे एक ते तीन दिवसांनी उमटतात. या उशिरामुळेच माणसाची फसगत होते. रविवारी रानात लाकूड तोडले, मंगळवारी हात सुजला, आणि दोष जातो सोमवारी खाल्लेल्या वांग्याच्या भाजीला. सज्ज झालेली ही स्मृती वर्षानुवर्षे टिकते, बहुधा आयुष्यभर.

दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर ठरावीक जागी पुरळ उठू लागले. धोबी कपड्यांवर खूण करण्यासाठी बिब्ब्याचे तेल वापरत, आणि कपड्यावरची खूण जिथे कातडीला टेकत असे तिथेच हे पुरळ उठे, हे तेव्हाच्या लष्करी डॉक्टरांनी नोंदवले. त्या सैनिकांपैकी अनेकांच्या कातडीला या द्रव्याची ओळख आधीच झालेली असण्याची शक्यता मोठी होती, कारण अमेरिकेतल्या रानांत पॉयझन आयव्ही नावाची वेल सर्रास असते, आणि तिच्यातले उरुशिऑल हे भिलावनॉलचे अगदी जवळचे द्रव्य आहे. दोन्ही झाडे एकाच कुळातली, आणि आंबा व काजूही त्याच कुळातले. म्हणून एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याचा त्रास होऊ शकतो. अमेरिकेत राहून पॉयझन आयव्हीने पोळलेला मराठी माणूस मे महिन्यात कोकणात येतो, आंबा सालीसकट चोखतो आणि दोन दिवसांनी त्याचे ओठ व ओठांभोवतीची कातडी सुजते. हा त्याच नात्याचा परिणाम असतो. साल आणि देठाचा चीक दूर ठेवून कापलेला आंबा अशा बहुतेकांना बाधत नाही. काजूच्या टरफलातले तेलही याच जातीचे. ओले काजूगर काढणाऱ्या कोकणातल्या आणि गोव्यातल्या बायका हाताला तेल किंवा राख लावून बसतात, तरीही हंगामात बोटांची सालटी निघतात. हे काम रोज करणाऱ्यांना चांगले हातमोजे मिळायला हवेत. काळवंडलेली बोटे हा त्या कामाचा अपरिहार्य भाग समजणे मला मान्य नाही.

ॲलर्जीचा याहून मोठा आणि दीर्घ त्रास देते ते गाजर गवत. मूळचे उष्ण अमेरिकेतले हे तण १९५० च्या दशकाच्या मध्यात पुण्यात नजरेस आले आणि १९५६ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली. आयात केलेल्या अमेरिकी गव्हातून ते आले असे सामान्यतः मानले जाते. काँग्रेस गवत, चटकचांदणी या नावांनीही ते ओळखले जाते. पांढऱ्या बारीक फुलांचे एक झाड हजारो बिया सोडते. या गवतापासून होणाऱ्या त्वचारोगाचे भारतातले सुरुवातीचे अहवालही पुण्यातूनच आले.

यातले अपायकारक द्रव्य पार्थेनिन. ते पानांवरच्या सूक्ष्म केसांत असते, आणि गवत वाळून त्याचा चुरा झाला की धुळीबरोबर हवेत उडते. त्यामुळे येथे झाडाला हात लावावाच लागतो असे नाही. ज्यांना या ॲलर्जीने पकडले आहे त्यांच्या पापण्या, मान, कानांमागचा भाग, कोपराच्या आतल्या आणि गुडघ्यामागच्या घड्या येथे कातडी लाल होते, खाजते, आणि पुढे जाड, काळसर, सुरकुतलेली होते. पापण्यांवर आणि हनुवटीखाली सावलीच्या भागातही चट्टे असणे ही मोठी खूण आहे, कारण नुसत्या उन्हाच्या त्रासात हे भाग बहुधा वाचतात. रोग जुना झाला की काहींना ऊनही सोसेनासे होते. शेतात राबणाऱ्या मध्यम वयाच्या पुरुषांत हे विशेष दिसते. वर्षानुवर्षे गवत उपटत आलेला माणूस एका पावसाळ्यात अचानक त्रासात सापडतो आणि इतकी वर्षे काही झाले नाही, आताच कसे, असे विचारतो. ॲलर्जी ही अशीच वारंवारच्या स्पर्शातून घडत जाते. शेवंती, सूर्यफूल आणि झेंडू ही गाजर गवताच्याच कुळातली असल्याने काही रुग्णांना ती हाताळणेही जड जाते. याच गवताच्या परागांनी शिंका आणि नाकातून पाणी येते, पण ती वेगळ्या जातीची, लगेच होणारी ॲलर्जी आहे. एकाच झाडापासून एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरी होऊ शकते.

आता प्रत्यक्ष काय करावे ते. खाजकुयली लागली तर पहिली गोष्ट म्हणजे खाजवू नये आणि टॉवेलने घासू नये. हे सांगणे सोपे आणि पाळणे कठीण आहे, पण प्रत्येक चोळण्याने केस अधिक आत जातात आणि हाताबरोबर डोळ्यांपर्यंत पोचतात. कपडे सावकाश उतरवावेत, चिकटपट्टी लावून ती वरच्या वर उचलावी, असे नव्या पट्टीने पुन्हापुन्हा करावे, आणि नंतर वाहत्या पाण्याने धुवावे. ओली माती किंवा शेण लावून वाळू देण्याची जुनी रीत याच तत्त्वावर चालते, केस त्याला चिकटून निघतात. परंतु खाजवून कातडी फुटलेली असेल तर शेणामातीतून धनुर्वाताचा धोका असतो, तेव्हा चिकटपट्टी बरी. कपडे वेगळे धुवावेत. शाळेच्या बाकावर किंवा कोणाच्या सदऱ्यात ही लव टाकण्याची खोड मुलांत आढळते, ती मुलांना नीट समजावून बंद करायला हवी. केस डोळ्यात गेले तर बुबुळाला इजा होते आणि श्वासात गेले तर दम्याच्या मुलाला धाप लागू शकते. आग्या लागली तर काही मिनिटे त्या जागेला हात न लावता, मग चिकटपट्टीने केस काढून साबणपाण्याने धुवावे आणि गार पाण्याची पट्टी ठेवावी.

बिब्बा, काजूचे टरफल किंवा आंब्याचा चीक यांच्या बाबतीत घाई महत्त्वाची. तेल कातडीत भिनायला काही मिनिटेच पुरतात, त्यामुळे दुखत नाही म्हणून थांबू नये. साबण लावून भरपूर पाण्याने लगेच धुवावे, नखांच्या आतली बाजूही. कोयता, दोरी, कपडे यांवर राहिलेले तेल पुढेही त्रास देते, म्हणून तेही धुवावेत. बिब्ब्याचे लाकूड किंवा टरफले जाळू नयेत, कारण धुरातून ते द्रव्य डोळ्यांत आणि श्वासात जाते. अंगावर फोड आले तर ते फोडू नयेत. त्यांतल्या पाण्याने रोग पसरतो किंवा घरच्यांना लागतो ही भीती मात्र निराधार आहे; त्या पाण्यात झाडाचे द्रव्य नसते. नवे चट्टे दिसत राहतात ते कातडीच्या जाडीप्रमाणे आणि लागलेल्या तेलाच्या प्रमाणाप्रमाणे काही जागा उशिरा पेटतात म्हणून.

या उशिराच्या ॲलर्जीत ॲलर्जीच्या गोळीने फार तर गुंगी येऊन झोप लागते. दाह उतरवायला डॉक्टरांनी ठरवून दिलेले स्टेरॉइडचे मलम, आणि त्रास मोठा असेल तर थोड्या दिवसांच्या स्टेरॉइडच्या गोळ्या लागतात. दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी, स्टेरॉइडबरोबर जंतूंचे आणि बुरशीचे औषध एकत्र केलेली मलमे चेहऱ्यावर महिनोन्महिने चोळणारी माणसे मला जागोजागी दिसतात, आणि त्यांची चिंता वाटते : कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या उमटून दिसतात आणि मलम थांबवताच दाह दुप्पट जोराने उसळतो. गाजर गवताच्या जुनाट रुग्णांना पुष्कळदा ॲझाथायोप्रिनसारखी, शरीराची संरक्षक यंत्रणा आवरणारी औषधे दीर्घकाळ द्यावी लागतात, आणि ती रक्ताच्या तपासण्या करतच द्यायची असतात.

चेहरा, ओठ किंवा घसा सुजला, श्वास लागला, डोळ्यात चीक गेला, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. डोळ्यात शेराचा किंवा रुईचा चीक गेला असेल तर दहा-पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडून तसेच डोळ्यांच्या दवाखान्यात जावे. दृष्टीला कायमचा धोका असतो.

गाजर गवत उपटायचे ते फुलण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून. ज्याला आधीच ॲलर्जी आहे त्याने हे काम करूच नये, घरातल्या दुसऱ्याने करावे. हे गवत खाणारे मेक्सिकोतले भुंगेरे १९८४ मध्ये बंगळुरूजवळ प्रथम सोडले गेले आणि आता ते महाराष्ट्रातही पावसाळ्यात पानांवर दिसतात. ते दिसले तर मारू नयेत.

कारण नक्की करायचे असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट करून घ्यावी. संशयित द्रव्ये थोड्या थोड्या प्रमाणात पाठीवर चिकटवून ठेवतात, दोन दिवसांनी पट्ट्या काढतात, आणि त्यानंतर पुन्हा एक-दोन दिवसांनी पाठ तपासतात. भारतात वापरल्या जाणाऱ्या संचात गाजर गवत असते. ही तपासणी पुरी होईपर्यंत पाठ भिजवायची नाही आणि घाम येईल असे काम टाळायचे. रक्त घेऊन केली जाणारी महागडी ॲलर्जीची चाचणी येथे उपयोगी नाही, कारण ती शिंका, दमा आणि गांधी यांमागची प्रतिपिंडे मोजते, टी-पेशींची ॲलर्जी तिला दिसत नाही. तज्ज्ञांकडे जाताना गेल्या तीन दिवसांत कुठे गेलो, कशाला हात लावला आणि त्रास किती तासांनी सुरू झाला हे कागदावर लिहून न्यावे, आणि झाडाचा तुकडा हातात धरून नेण्याऐवजी मोबाइलवर त्याचे पान, फूल आणि शेंग यांची छायाचित्रे काढून न्यावीत.